हनीमन, केपी अँड मॅकिंटॉश

हनीमन, केपी अँड मॅकिंटॉश : ग्लासगो (स्कॉटलंड) येथील विसाव्या शतकाच्या आरंभीची वास्तुशिल्पज्ञांची भागीदारी संस्था. जॉन हनीमन (१८३१–१९१४) व जॉन केपी (१८६२–१९४५) यांच्या संस्थेत चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) १८८९ मध्ये आरेखक म्हणून आला आणि १९०१ मध्ये भागीदार झाला. गॉथिक धाटणीच्या चर्चवास्तूंसाठी हनीमनची ख्याती होती. केपीचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले होते.

ग्लासगो कलाविद्यालयाच्या १८९६ च्या स्पर्धेत निवडला गेलेला आराखडा संस्थेच्या नावे सादर झाला असला, तरी तो मॅकिंटॉशचा होता. निधीअभावी इमारत दोन टप्प्यांत (१८९७–९९ व १९०७–०९) बांधली गेली. त्यामुळे त्याच्या शैलीचा विकास एकाच वास्तूत दिसतो. पूर्वेकडील भिंतीत जुन्या स्कॉटिश गढ्यांची आठवण आहे, तर पश्चिमेकडील उंच, सलग खिडक्यांत अलंकरणाऐवजी केवळ रेषा व प्रमाण यांवर भर आहे. उत्तरेकडील विशाल खिडक्या चित्रशाळांना प्रकाश मिळावा म्हणून योजलेल्या असून त्यांवरील लोखंडी कंस उपयुक्त व शोभिवंतही आहेत. स्कॉटलंड स्ट्रीट शाळेतील (१९०३–०६) काचेचे जिनामनोरे याच दृष्टीचे फलित होत.

हेलेन्सबर्ग येथील ‘हिल हाउस’मध्ये (१९०२–०४) मात्र रूपाच्या आग्रहाची किंमत मोजावी लागली. भिंतींच्या माथ्यावरील संरक्षक दगडांना फाटा देऊन पोर्टलंड सिमेंटचा खडबडीत गिलावा अखंड फिरवल्याने ओल आत कोंडून राहिली. भिंती सुकाव्यात म्हणून २०१९ मध्ये संपूर्ण घरावर धातूच्या जाळीचे आच्छादन उभारण्यात आले.

समकालीनांनी श्रेय संस्थेला दिले; उत्तरकालीन समीक्षकांनी ते एकट्या मॅकिंटॉशला देऊन केपीला जवळजवळ खलनायक ठरविले. दोन्ही मते एकांगी वाटतात. प्रतिभा मॅकिंटॉशचीच होती. परंतु कामे मिळवणे, कार्यालय चालवणे व खर्चाचा मेळ घालणे यांचा भार संस्थेने वाहिला. १९१३ मध्ये तो बाहेर पडल्यानंतर त्याच्या हातून एकही मोठी नवी इमारत उभी राहिली नाही. पुढे केपीच्या संस्थेचे कामही चालू राहिले, तथापि कलाविद्यालयाच्या तोडीची वास्तू तिच्याकडून निर्माण झाली नाही.

कलाविद्यालयाचे प्रसिद्ध ग्रंथालय २०१४ च्या आगीत नष्ट झाले आणि जीर्णोद्धार चालू असतानाच २०१८ मध्ये दुसऱ्या आगीने उर्वरित इमारतीचीही अपरिमित हानी केली. या भागीदारीच्या सर्वश्रेष्ठ कृतीचा अभ्यास आता मुख्यतः आरेखने व छायाचित्रे यांच्या आधारेच करावा लागतो.