कन्हेरीच्या नावातलं घुंगरू

कन्हानला खाणीच्या रस्त्याला लागलं की क्वार्टरांच्या कुंपणाला पिवळी कन्हेर दिसते. पुण्या-मुंबईकडे हिलाच बिट्टी म्हणतात. आपल्याकडे 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे कन्हान आणि कन्हेर सख्ख्या बहिणी वाटतात. नातं फक्त कानाचं, पण मला ते आवडतं. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तीच बरी. पानांवर ट्रकांची काळी धूळ बसलेली असते. फूल मात्र ताजं, तेवढं पिवळंधम्मक.

ते जवळून पाहावं. पाच पाकळ्या, प्रत्येकीची कड शेजारणीखाली सारलेली, आणि साऱ्यांना मिळून एकाच दिशेचा पीळ. घाईघाईनं गुंडाळलेल्या छत्रीसारखं हे फूल कधी पुरतं उघडतच नाही. गळतं तेही पाकळी-पाकळीनं नाही, अख्खं. पोट्टे ते बोटांवर टोप्यांसारखं चढवतात; महादेवाच्या पिंडीवरही तेच जातं.

नाव मात्र उसनं. संस्कृतातला करवीर प्राकृतात कणवीर झाला, पण ते नाव लाल-पांढऱ्या कन्हेरीचं. ही पिवळी मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची पाहुणी. निमुळती पानं आणि चीक पाहून आपण तिला त्याच घरात घेतलं. लिनियसनं १७५३ साली तिला सर्बेरा वंशात घातलं. सर्बेरस म्हणजे ग्रीकांच्या पाताळाच्या दारातला कुत्रा. शोभतंच ते, कारण हिची बी पोटात गेली तर काळजाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. पुढचं 'थेवेशिया' आलं आंद्रे थेवे या फ्रेंच पाद्र्यावरून. हा १५५५ साली ब्राझीलला गेला आणि 'अहुआई' नावाच्या विषारी फळाबद्दल लिहून बसला: तिथले लोक त्याची पोकळ कवचं पायांत बांधून नाचायचे. आजचं शास्त्रीय नाव 'कास्काबेला थेवेशिया'. स्पॅनिशमध्ये कास्काबेल म्हणजे घुंगरू!

एवढं उजळ फूल डोळ्यांसमोर असताना नाव ठेवणाऱ्यांचं ध्यान बहुधा फळाच्या आवाजाकडे. मला हे भारी वाटतं.

परवा कुंपणाखाली वाळून काळं पडलेलं एक फळ सापडलं. फोडलं तर आत तिकोनी, टणक कोय. कानाशी धरून हलवली. आत काहीतरी अगदी हलकं खुळखुळलं. मग घरी जाऊन हात साबणानं दोनदा धुतले.