अतिदक्षता कोठून सुरू होते?

नवजात बालकांच्या अतिदक्षतेत विशेषज्ञ व्हायचे तर बालरोगशास्त्रातील एम.डी.नंतर आणखी तीन वर्षे शिकावे लागते. श्वसनयंत्र, नाळेच्या रक्तवाहिनीत घालायची नळी, फुप्फुसात सोडायचे सर्फॅक्टंट हे सारे विद्यार्थी या काळात शिकतो. ते हवेच. पण माझ्या मते या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्याच महिन्यात एक शोधनिबंध द्यावा, आणि तो चिकित्सकपणे वाचायला लावावा. निबंध आपल्याच राज्यातला आहे : डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा, डिसेंबर १९९९च्या 'लॅन्सेट'मधला.

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यात आली; ४७ गावे तुलनेसाठी होती. काळजी घेणाऱ्या होत्या गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया. रडणे क्षीण झाले, दूध ओढणे कमी झाले, हातपाय लुळे पडले, अशा खुणांवरून त्या जंतुसंसर्ग ओळखत आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. १९९३-९५ मध्ये या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत होती. कामाच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता.

या निबंधाचे खरे बळ इंजेक्शनात नाही, छेदात आहे. (गणिताच्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे.) रुग्णालयाचा मृत्युदर दारापर्यंत पोचलेल्या बाळांवर काढला जातो, इथे गावात जन्मलेले प्रत्येक बाळ मोजले गेले. याच गटाने १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालके पाहिली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गंभीर स्वरूपाचे आजार झाले. डॉक्टरपर्यंत पोचली अवघी २.६ टक्के. अतिदक्षता कक्षात तीन वर्षे काढणाऱ्या डॉक्टरला ही उरलेली बाळे दिसणार कशी?

आता उणिवा. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. ऊब, स्तनपान, मातांचे शिक्षण, प्रतिजैविके असे सगळे मिळून दिले गेले. कशाने किती जीव वाचले हे आकड्यांतून वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय या स्त्रियांना इतकी वर्षे ज्यांनी शिकवले, देखरेख केली, ती माणसे दुसऱ्या जिल्ह्यात कोठून आणायची, हा प्रश्न निबंध सोडवीत नाही.

उबेचेच पाहा. तीन किलोचे बाळ साठ किलोच्या माणसाच्या विसावा भाग. आकार सारखाच धरला, तर दर किलोमागे त्याची त्वचा वीसच्या घनमुळाइतकी, म्हणजे सुमारे २.७ पट भरते. तेवढ्या पटीने उष्णता जाते. कक्षात यावर उपाय म्हणजे तापक यंत्र. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले तेव्हा मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईलाच कक्षात खाट द्यावी लागली. त्याच वर्षी उलटा धडाही मिळाला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत मेंदू वाचवतो. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात मोठ्या कक्षांत मात्र थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के मृत्यू झाले, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. तिथले डॉक्टर कमी शिकलेले नव्हते.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भोकरदन किंवा मंठा तालुक्यात अठ्ठावीस आठवड्यांचे बाळ जन्मले, तर त्याच्या फुप्फुसांना गडचिरोलीच्या पिशवीतली औषधे पुरणार नाहीत. त्याला यंत्र आणि ते जाणणारा डॉक्टर लागेलच. मात्र वाटेतल्या दोन तासांत त्याला कोणी, कसे उबदार ठेवले, याची नोंद त्या डॉक्टरने मागावी, आणि परीक्षेत त्यावर एक तरी प्रश्न असावा.