शिकारग्रंथांतील रायफल

शिकारीच्या पुस्तकाचें परीक्षण करावयाचें म्हटलें कीं परीक्षकाची दृष्टि प्रथम वाघाकडे जाते, मग अरण्याच्या वर्णनाकडे आणि सरतेशेवटीं लेखकाच्या धैर्याकडे. लेखकाच्या हातांत जी वस्तु असते तिच्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. तें एक यंत्र, त्याचें साहित्याशीं काय नातें, असें आपण गृहीत धरतों. आमच्या मतें येथेंच परीक्षण फसतें. शिकारी कोणती रायफल निवडतो, ती कां निवडतो, आणि तिच्या गोळीनें पुढें काय केलें हें किती खरेपणानें सांगतो, यावरून त्याच्या ग्रंथाची जेवढी पारख होते तेवढी वाघाच्या लांबीवरून होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील शौकाची शिकार संपविली, आणि तें योग्यच झालें. परंतु शिकारीचे ग्रंथ कांहीं संपले नाहींत. ते घरोघरींच्या कपाटांत आहेत आणि सुटी लागली कीं मुलांच्या हातीं जातात. तेव्हां त्यांतला खरा कोणता आणि बडेजावाचा कोणता, हें ओळखण्याची एखादी कसोटी हाताशीं असलेली बरी.

या लेखापुरती आम्हीं रायफलीची एकच जात घेतली आहे: अक्रोडी दस्त्याची, एका नळीची, बोल्टनें चालणारी. पॉल मौझर यानें जर्मनींत १८९८ सालीं जी रचना सिद्ध केली तिच्यावरच पुढच्या बहुतेक बोल्टच्या शिकारी रायफली बेतलेल्या आहेत. तिचें काम दाराच्या अडसरासारखें चालतें. मूठ वर उचलून मागें ओढली कीं रिकामें पुंगळें बाहेर पडतें. पुढें लोटली कीं पेटींतलें नवें काडतूस नळींत जातें. खालीं वळविली कीं बोल्टच्या तोंडाशीं असलेले दोन दांडगे दांते खांचांत अडकून नळी घट्ट बंद होते. एक लांब पोलादी पंजा काडतुसाची कड पेटींतून निघतांनाच पकडतो, त्यामुळें घाईगर्दींत तें वाटेंत अडकण्याची भीति कमी. यंत्र साधें, मजबूत, आणि हातानें घडविलेल्या दुनळी रायफलीच्या मानानें पुष्कळच स्वस्त. उणें एकच. दुनळीवाल्याची दुसरी गोळी बोट हलवितांच सुटते; बोल्टवाल्यास मूठ उचलावी, ओढावी, लोटावी आणि वळवावी लागते, आणि अंगावर येणारें जनावर तेवढी सवड देईलच असें नाहीं. म्हणजे ज्यानें ही रायफल घेतली त्यानें आपला बहुतेक सारा भरंवसा पहिल्या गोळीवर टाकला. शिकारी लेखकाचें खरें चरित्र येथून सुरू होतें.

दस्त्याच्या लांकडाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या विषयावर जेवढें अळणी आणि जेवढें अतिगोड लिहिलें जातें तेवढें क्वचितच दुसऱ्या कशावर लिहिलें जात असेल. कापलेल्या लांकडाचाही हवेशीं व्यवहार चालूच राहतो. पावसाळ्यांत तें फुगतें, उन्हाळ्यांत आखडतें. आणि फुगलेलें लांकूड नळीस बाजूनें रेटूं लागलें कीं काल जेथें गोळी लागत होती तेथें ती आज लागत नाहीं. म्हणून जाणता कारागीर चांगला मुरवून वाळविलेला अक्रोड घेतो, त्यांत जवसाचें तेल जिरवतो, आणि हाताची पकड येते त्या बारीक भागांत लांकडाचे तंतु सरळ जातील असें पाहतो. कारण धक्क्याचा ताण तेथें फार, आणि दस्ता मोडला तर बहुधा तेथेंच मोडतो. ढगांसारख्या रेषांची नक्षी असावयाचीच असेल तर ती मागच्या रुंद भागांत. आज कृत्रिम धाग्यांचे दस्ते निघाले आहेत. ते पाण्यानें फुगत नाहींत, आणि नुसत्या उपयोगाचा हिशेब केला तर त्यांच्याविरुद्ध बोलणें कठीण आहे. लांकडाच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं तें छिलून, घांसून एका विशिष्ट माणसाच्या गालाशीं आणि खांद्याशीं जुळवून देतां येतें, आणि अशी जुळलेली बंदूक खांद्यास लावतांच तिची माशी आपोआप डोळ्यासमोर येते. जो लेखक रेषांच्या सौंदर्यावर पानभर लिहितो आणि तंतूंच्या दिशेविषयीं अवाक्षर काढीत नाहीं, तो दुकानदाराच्या ओसरीवर बसून लिहीत आहे असें खुशाल समजावें. अमेरिकेंतील जॅक ओकॉनर हा या बाबतींत सन्मान्य अपवाद. विद्यापीठांत अध्यापन केलेला, कादंबरी लिहिलेला हा गृहस्थ पुढें रायफलींवरच लिहूं लागला. त्याचें ‘द रायफल बुक’ १९४९ चें. देखण्या अक्रोडाचा तो षोकी खरा, परंतु गोळी योग्य जागीं लागणें हें तिच्या आकाराहून महत्त्वाचें, हें सांगावयास तो कधीं चुकला नाहीं.

ही जागेची गोष्ट ज्यानें सर्वांत टोकास नेली तो स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल. आफ्रिकेंत त्यानें हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटरच्या हलक्या मौझर रायफलीनें. याच काडतुसास इंग्लंडमध्यें रिग्बी यांच्या दुकानानें .२७५ असें नांव दिलें. ज्या काडतुसानें इतर लोक हरणें मारीत त्यानें हा गृहस्थ हत्ती पाडीत असे! यांत जादू नव्हती. बेलनें मेलेल्या हत्तींच्या कवट्या उभ्या चिरून मेंदू नेमका कोठें असतो तें पाहिलें होतें. तो स्वतः चित्रकार होता, आणि १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’ या ग्रंथांतील चित्रें त्याचींच आहेत. पाहण्याची ही संवय त्याच्या गद्यांतही उतरली आहे. वाक्यें आंखूड, विशेषणें मोजकीं. परंतु या ग्रंथाविषयीं आमची तक्रारही येथेंच आहे. हत्ती पडतो, दांत निघतात, पान उलटतें. पहिल्या गोळीचा एवढा अभ्यास करणाऱ्या लेखकास त्या गोळीपलीकडच्या जिवाविषयीं फारसें कांहीं वाटल्याचें दिसत नाहीं. हस्तिदंताच्या व्यापाऱ्याची वही आणि कलावंताची वही येथें एकाच दोऱ्यानें शिवलेली आहे.

बेलच्या शेजारीं जॉर्ज ऑर्वेलचा हत्ती ठेवून पाहावा. ब्रह्मदेशांत पोलीस अधिकारी असतांना एक पिसाळलेला हत्ती मारावा लागला, त्या प्रसंगावरचा त्याचा निबंध १९३६ सालचा आहे. साम्राज्यशाहीवरील टीका म्हणून त्याची ख्याति झाली आणि ती रास्त आहे. परंतु त्यांतल्या रायफलीकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच गेलें असेल. ती केसासारख्या उभ्या-आडव्या रेषांनीं नेम दाखविणारी, देखणी जर्मन रायफल होती. तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखें कांहीं नव्हतें. पाठीशीं दोन हजारांवर जमाव, आणि समोर बाजूनें उभा असलेला हत्ती. अशा वेळीं नेम थेट कानाच्या छिद्रावर धरावयाचा, हें ऑर्वेलला तेव्हां ठाऊक नव्हतें. मेंदू पुढच्या बाजूस असेल असें समजून त्यानें कांहीं इंच पुढें गोळी झाडली. मग दुसरी, तिसरी. हत्ती पडला तो मेला मात्र नाहीं, आणि त्याचा जीव जाण्यास अर्धा तास लागला असें लेखकास मागाहून कळलें. बेलला जें ज्ञान कवटी चिरून मिळालें होतें त्याच्या अभावीं उत्तम हत्यारही कसें यातनेचें साधन होतें, याचें इतकें भेदक वर्णन कोणत्याही शिकाऱ्यानें लिहिलेलें नाहीं. तें लिहिलें शिकारी नसलेल्या माणसानें.

जॉन टेलरचा ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा १९४८ चा ग्रंथ रायफल निवडणाऱ्यांचें जणूं स्मृतिवचनच होऊन बसला. गोळीचें ग्रेनमधील वजन, तिचा सेकंदास फुटांतील वेग आणि तिचा इंचांतील व्यास यांचा गुणाकार करून ७००० नें भागावें, म्हणजे तिची आघातशक्ति मिळते, असें त्याचें गणित. त्याप्रमाणें बेलच्या काडतुसास सुमारें १६ गुण पडतात आणि रिग्बी यांच्या .४१६ ला सुमारें ५८. मग बेलचे हजार हत्ती कोणत्या गणितानें मेले? टेलरवर अन्याय करावयाचा नाहीं. गोळी मेंदूच्या जवळून हुकली तरी हत्ती निदान क्षणभर बेशुद्ध पडावा, यासाठीं त्याचा हिशेब होता. बेलचा हिशेब नेम लागला तर काय याचा, टेलरचा हुकला तर काय याचा. दोन्ही हिशेब खरे आहेत. मात्र टेलरच्या आंकड्यांचा आधार घेऊन नुसत्या जाड नळीनें निश्चिंत होणारा शिकारी आपल्या हुकण्याचीच तरतूद आधीं करून ठेवतो.

जखमी जनावराचा प्रश्न कथेंत आणण्याचें श्रेय हेमिंग्वेला द्यावें लागेल. ‘फ्रान्सिस मॅकोंबर’ या १९३६ च्या कथेंत तीन रायफली आहेत: श्रीमंत पाहुण्याची स्प्रिंगफील्ड, त्याच्या पत्नीची ६.५ ची मॅनलिखर, आणि धंदेवाईक शिकारी विल्सनची दांडगी .५०५ गिब्ज. पाहुणा सिंहाच्या पोटांत गोळी घालतो, सिंह गवतांत शिरतो, आणि मग हा गृहस्थ विचारतो कीं त्याला तसाच सोडून गेलें तर काय बिघडलें? विल्सनचें उत्तर सरळ आहे. सिंह यातना भोगीत असेल, आणि दुसरा एखादा माणूस नकळत त्याच्यावर जाऊन पडेल. एवढ्या एका उत्तरासाठीं आम्ही ही कथा पुष्कळशा शिकारग्रंथांच्या वर ठेवूं; तिच्या शेवटच्या गोळीविषयीं विद्वानांनीं जो वाद घातला आहे तो खुशाल चालूं द्यावा.

विल्सन ज्या दुसऱ्या माणसाविषयीं एका वाक्यांत बोलतो, त्याच्याविषयीं जिम कॉर्बेटनें अख्खें पुस्तक लिहिलें. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हें १९४४ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें आपल्या मुंबईहूनच प्रसिद्ध केलें. वाघ नरभक्षक कां होतो, या प्रश्नाचें त्याचें उत्तर असें कीं बहुधा जखमेमुळें. आणि ती जखम साळिंदराच्या कांट्यांची असेल, अथवा निष्काळजीपणें झाडलेल्या आणि मागोवा न घेतलेल्या एखाद्या गोळीची. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदरानें एक डोळा घालवून बसली होती. ठाकच्या वाघिणीच्या अंगावर मात्र जुन्या गोळ्यांच्या जखमा होत्या. ती गोळी झाडणारा कोण, तो घरीं जाऊन काय बोलला, त्याची रायफल किती सुंदर होती, हें कोणास कळलें नाहीं. त्याच्या गोळीचा हिशेब डोंगरांतल्या गवत कापणाऱ्या बायांनीं चुकता केला. २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस मारलेल्या वाघिणीवरून बेशुद्धीचा बाण आणि गोळी यांचा केवढा वाद माजला, तें वाचकांस आठवत असेल. मारावें कीं नाहीं, याइतकाच कसें मारलें, हा प्रश्नही लोकांस महत्त्वाचा वाटला. तो मूळचा कॉर्बेटचाच आहे.

कॉर्बेटची स्वतःची शिकवण कशी झाली तें चंपावतच्या प्रकरणांत दिसतें. त्या वाघिणीचे ४३६ बळी गेले होते. १९०७ सालीं २९८ गांवकऱ्यांनीं हांका घातला तेव्हां कॉर्बेटजवळ तीनच काडतुसें होतीं. तीं संपलीं, वाघीण जखमी झाली पण पडली नाहीं, आणि त्याला धांवत जाऊन तहसीलदाराची जुनाट बंदूक मागून आणावी लागली. तिची नळी आणि मागचा ठोकळा यांत चांगली दिसण्याजोगी फट होती! तोंडावर धरलेला नेम पंजावर लागला. वाघीण मेली ती आधींच्या गोळ्यांनीं. ही फट कॉर्बेटनें झांकली नाहीं. या कामगिरीबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्याला एक रायफल भेट दिली: रिग्बीची, मौझरच्या बोल्टची, अक्रोडी दस्त्याची, .२७५ ची. बेलचेंच काडतूस.

या रायफलीचें मोल चौगढच्या प्रकरणांत समजतें. १९३० च्या एप्रिलमध्यें नाल्यांतून जातांना कॉर्बेटच्या डाव्या हातांत रातव्याचीं दोन अंडीं होतीं आणि उजव्या हातांत रायफल, छातीवर तिरपी धरलेली. खडकाआडून पुढें होऊन त्यानें मागें पाहिलें तों आठ फुटांवर वाघीण त्याच्याकडे पाहात पडलेली. जराशी घाई झाली असती तर ती उडालीच असती. एका हातानें, हालचाल तिच्या ध्यानांत येऊं नये इतक्या सावकाश, त्यानें नळी वळवावयास सुरुवात केली. हात भरून येऊं लागला तरी ती अजून पुरती वळली नव्हती. शेवटीं एकच गोळी सुटली. पुढें तो कारणें मोजतो: हातांत अंडीं होतीं म्हणून दुसरा हात लावण्याची घाई झाली नाहीं, रायफल हलकी होती म्हणून एका हातानें वळली, आणि वाघीण नरभक्षक होती म्हणून पळाली नाहीं. आपल्या धैर्याचें नांव या यादींत नाहीं! नंतर त्यानें अंडीं परत घरट्यांत नेऊन ठेवलीं. आघातशक्तीचें कोष्टक, दस्त्याची नक्षी, दुनळीचा मोठेपणा, यांतलें कांहीं त्या क्षणीं उपयोगीं पडलें नसतें. उपयोगी पडलें तें वजन आणि तोल. एखादी जड दुनळी हातांत असती तर हें प्रकरण लिहावयास लेखक उरला नसता.

म्हणून कॉर्बेट निर्दोष असें नाहीं. ‘पवलगढचा ब्रह्मचारी’ या प्रकरणांतला वाघ नरभक्षक नव्हता. तो केवळ मोठा होता, आणि त्याच्या मागें लेखक लागला तो शिकाऱ्याच्या हौसेनें. पहिल्या गोळीनें तो मेला नाहीं. कॉर्बेटनें त्याचा माग सोडला नाहीं आणि काम पुरें केलें, हें खरें. परंतु इतर प्रकरणांत जी नैतिक निकड पानापानांतून जाणवते ती येथें ओसरली आहे, आणि गद्यही त्यासरशीं जरा सैल पडलें आहे. दुसरें असें कीं ज्या रायफलीनें त्याला वांचविलें तिच्याविषयीं तो फारच थोडें सांगतो. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे आणि तीवर १९०७ च्या चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख आहे. ही रायफल पुढें त्याच्या प्रकाशकाकडे गेली आणि २०१५ सालीं पुन्हां रिग्बी यांच्याच दुकानीं परतली.

ज्यांना या सर्व ग्रंथांतून एकच प्रकरण घरांत मोठ्यानें वाचून दाखवावयाचें असेल त्यांनीं चौगढचें घ्यावें, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीं ऑर्वेलचा हत्ती. बेलचीं चित्रें मुलांनीं आधीं पाहिलीं असतील तर कानाच्या छिद्राचा मजकूर त्यांस समजावून सांगावा लागणार नाहीं.