रेघ पुसली की भैरवाचा बिलावल

गेल्या उन्हाळ्यात अल ऐनच्या आमच्या घरी एक गंमत झाली. कन्या पुण्याच्या बाईंकडे संगणकाच्या पडद्यावरून गाणं शिकते. बाईंनी भैरवातल्या बंदिशीचं नोटेशन पाठवलं, मी छापून दिलं, आणि आतल्या खोलीतून चक्क बिलावल ऐकू येऊ लागला. चूक पोरीची नव्हती. रे आणि ध यांच्याखालच्या आडव्या रेघा छापताना गळल्या होत्या.

व्यवसायानं संगणकवाला आणि वृत्तीनं कानसेन असल्यामुळे मी या रेघांच्या मागे लागलो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी आपण संगीत म्हणून वाचतो, अक्षरजुळणी म्हणून क्वचितच पाहतो. तशी पाहिली तर ती फार हुशार आहे. मात्रांचे रकाने, वर स्वर, त्याखाली बोल, त्याखाली समेची फुली आणि खालीचं शून्य. स्वर लांबला तर छोटी आडवी रेघ, बोल लांबला तर अवग्रह. एका मात्रेत अनेक स्वर आले तर खाली कमान. आवर्तन असं कागदावर आडवं पसरलं की ताल डोळ्यालाही कळतो. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग याच मांडणीवर उभे आहेत.

पण कच्चा दुवाही इथेच आहे. शुद्ध स्वराला खूणच नाही. कोमलाला पायाशी आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी. म्हणजे खूण गळली की उरतो तो शुद्ध स्वर! यमन असो, तोडी असो, उरलेल्या नऊही थाटांचा बिलावल होतो आणि वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. आमच्या धंद्यात अशी रचना नापास करतात. बिघाड झाला तर तो निदान दिसला पाहिजे.

त्यात देवनागरीची दाटी. तारसप्तकाच्या सा वर टिंब दिलं की संगणक त्याला 'सां' समजतो. दरबारीतल्या मंद्र कोमल निषादाच्या पायाशी तर रेघही आणि टिंबही. (पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र. दोन्ही परंपरांची पुस्तकं घरात असतील तर सांभाळा.) दरबारीच्या गंधाराचं आंदोलन कागदावर उतरत नाही, हा दोष मात्र मी धरत नाही. ते काम गुरूचं.

उपाय सापडला तो वेदांत. अक्षराखाली रेघ ओढायची संगणकावरची नेहमीची सोय ही नुसती सजावट. मजकूर इकडचा तिकडे नेला की ती मागे राहू शकते. युनिकोडमध्ये वेदमंत्रांसाठी ठेवलेल्या स्वरखुणा मात्र अक्षराचाच भाग असतात, त्याच्याबरोबर प्रवास करतात. खालची आडवी कोमलाला आणि वरची उभी तीव्राला अगदी चपखल बसते: रे॒, ध॒, म॑.

बाईंना तसं टंकून पाठवलं, त्यांनाही पटलं. कन्या मात्र छापील कागद हातात आला की आधी लाल पेन्सिल घेऊन बसते.