पाण्याची उपमा कुठवर न्यावी?

विद्युतधारा शिकवताना आपण बहुतेक शिक्षक पाण्याची टाकी पुढे करतो. टाकी उंच तर दाब जास्त, नळी अरुंद तर अडथळा जास्त. दाब म्हणजे विभवांतर, अडथळा म्हणजे रोध, वाहते पाणी म्हणजे धारा. मुलांना हे पटकन पटते. ही उपमा टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. ती कुठे थांबवायची हे आपण सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

मुलुंडचेच पाहू. तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या मुलुंडमधून जातात आणि स्टेशनात लोकलच्या डोक्यावर विजेची तार असते. दोन्ही गोष्टी मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या. जलवाहिनीतले पाणी घरोघरी खर्च होते, तानसाला परत जात नाही. मग मूल म्हणते, धाराही गाडीत खर्च होत असणार. नाहीतर वर एकच तार कशी पुरते? ही चूक मुलाची नाही, उपमेची आहे. गाडीचा परिपथ चाके आणि रूळ यांच्यामार्गे पूर्ण होतो. खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे. वर्गात एक घट आणि टॉर्चचा बल्ब घ्या. अ‍ॅमीटर आधी बल्बच्या अलीकडे, मग पलीकडे जोडा. आकडा तोच येतो. मात्र जोडण्यापूर्वी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्या.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती १५०० व्होल्टच्या दिष्ट धारेवर. मुलुंडवरून जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेकडे जाण्याचे काम २०१५ साली पूर्ण झाले. आता विचारा: व्होल्ट सुमारे १७ पट झाले, मग तारेतली धारा वाढली की कमी झाली? ओहमचा नियम पाठ असलेला विद्यार्थी ‘१७ पट वाढली’ असे सांगेल. टाकीची उपमाही त्यालाच दुजोरा देते.

प्रत्यक्षात धारा कमी झाली. समजा, गाडीला ३० लाख वॉट शक्ती हवी आहे. साध्या हिशेबाने १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतील, २५,००० व्होल्टला १२०. ओहमचा नियम खोटा ठरला का? नाही. तो एकाच वाहकाविषयी, तापमान तेच असताना, बोलतो. इथे गाडीतली यंत्रणाच बदलली; रोहित्र आले. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तेवढ्याच रोधाच्या तारेत ती सुमारे २७८ पटींनी कमी होते. तार बारीक चालते, उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. नियमाची अट न सांगता नुसते सूत्र घोकून घेतले, तर हे सारे मुलाच्या हातून निसटते.

तिसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. पाणी फुटल्याशिवाय नळाबाहेर येत नाही. म्हणून मुलाला वाटते, तारेला शिवलो नाही तर काय होणार? पण २५,००० व्होल्टच्या तारेला शिवावेही लागत नाही. फार जवळ गेले तरी वीज हवेतून झेप घेते. गाडीच्या टपावर चढणे किंवा तारेत अडकलेला पतंग काठीने काढणे जिवावर बेतते ते यामुळेच.

तेव्हा टाकी जरूर काढा. पण तिच्या शेजारीच ‘पाणी आणि वीज कुठे वेगळी?’ असा एक रकाना आखा आणि तो मुलांनाच भरू द्या.