‘आपल्या हातचे’ : स्टोइकांचे एक सामुदायिक वाचन

स्टोइक विचारवंतांचे ग्रंथ एकट्याने वाचावयाचे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो निराधार आहे असे म्हणता येणार नाही. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलिअस याने डॅन्यूबकाठच्या लष्करी छावण्यांत जी टिपणे लिहिली ती स्वतःपुरतीच. त्याच्या आधी शंभर वर्षे सेनेका रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराच्या वागण्याचा हिशेब स्वतःशी मांडत असे. असे ग्रंथ वाचकानेही दार लोटून घेऊन वाचावेत, हे ओघानेच आले. आम्ही कोल्हापूरचे काही धर्मग्रामस्थ आणि आमचे काही हिंदू व मुसलमान शेजारी मात्र हे ग्रंथ एकत्र बसून, मोठ्याने वाचून, त्यांवर वाद घालत वाचत आलो आहोत. या वाचनातून स्टोइकांचा एक मोठा गुण आणि एक मोठी उणीव आमच्या ध्यानात आली. दोन्हींचा उगम एकाच शब्दप्रयोगात आहे, म्हणून तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

प्रथम या पंथाच्या नावाविषयी. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास सायप्रस बेटावरून आलेला झेनो अथेन्सच्या बाजारचौकात एका खांबांच्या, चित्रांनी सजविलेल्या लांब ओसरीत शिकवू लागला. ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून हे लोक स्टोइक झाले. आमच्या भागातील जुन्या घरांना जो सोपा असतो, जेथे येणाराजाणाराही घटकाभर टेकतो, त्याच्याशी या स्टोआचे नाते जवळचे आहे. ज्या पंथाला आपण एकांतवासी समजतो त्याचा जन्म बाजारातल्या सोप्यावर, चारचौघांच्या बोलण्यात झाला, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

आम्ही वाचनास आरंभ केला तो एपिक्टेटसपासून. हा मूळचा गुलाम. इ. स. ५०च्या सुमारास तो हिएरापोलिस येथे जन्मला. संत पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ज्या हिएरापोलिसचा उल्लेख येतो तेच हे गाव. तो पायाने अधू होता. पुढे त्याला स्वातंत्र्य मिळाले. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिले तेव्हा तो ग्रीसमधील निकोपोलिस येथे गेला आणि तेथे त्याने शाळा चालविली. त्याने स्वतः एक अक्षरही लिहिले नाही. त्याचा शिष्य आरिअन याने वर्गातील संवाद उतरवून घेतले आणि त्यांतून एक छोटी पुस्तिका सिद्ध केली. तिचे ग्रीक नाव ‘एन्खेइरिदिओन’, म्हणजे हाती धरावयाची, हाताशी असावयाची वस्तू. ‘हातपोथी’ हा शब्द तिला शोभेल.

या हातपोथीचे पहिले प्रकरण सर्वांत प्रसिद्ध आहे. जगातील गोष्टींचे त्यात दोन भाग पाडले आहेत. आपले मत, आपली प्रवृत्ती, आपली इच्छा आणि आपला तिटकारा या गोष्टी आपल्या हातच्या. शरीर, संपत्ती, लौकिक, अधिकार या आपल्या हातच्या नव्हेत. पहिल्या भागात जो आपले मन गुंतवील तो स्वतंत्र; दुसऱ्या भागात जो गुंतवील तो जन्माचा गुलाम. गुलामाच्या तोंडी हा सिद्धान्त यावा याला अर्थ आहे. ज्याचे शरीरही त्याच्या मालकीचे नव्हते, त्याने स्वातंत्र्याची जागा अशा ठिकाणी शोधली की जेथे मालकाचा हात पोहोचू शकत नाही.

हे प्रकरण मराठीत सांगताना आमची मंडळी अडखळली. काहींनी ‘माझ्या हातचे’ असे म्हटले, काहींनी ‘आपल्या हातचे’. मूळ ग्रीक शब्दप्रयोग ‘एफ् हेमीन’ असा आहे आणि तो अनेकवचनी आहे. अर्थात सर्वसाधारण विधान करताना अनेकवचन वापरण्याची त्या भाषेची रीतच असल्यामुळे त्यावर फार भार टाकता येणार नाही. एपिक्टेटसला अभिप्रेत होती ती एकेका माणसाची निवडशक्तीच. परंतु मराठीतील ‘आपला’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. ‘तो आपल्या घरी गेला’ येथे ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा. ‘आपल्या गावात पाणी आले’ येथे ‘आपला’ म्हणजे तुमचा-आमचा. एकाच शब्दात एकटा माणूसही आहे आणि सारे गावही आहे. तेव्हा ‘आपल्या हातचे’ म्हणजे कोणाच्या हातचे, हा प्रश्न कोणी न विचारताच आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

पहिला अर्थ घेतला तर एपिक्टेटसचे सामर्थ्य निर्विवाद आहे. असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळलेला माणूस, निवृत्तीनंतर ज्याला कोणी विचारीत नाही असा अधिकारी, परीक्षेत नापास झालेला मुलगा, यांना तो जे सांगतो ते खोटे धीर देणारे नाही. घडले ते घडले. त्याविषयी तू काय मत करून घेतोस ते अजून तुझ्याकडे आहे, एवढेच तो म्हणतो. आमच्या शेजाऱ्यांना यावरून गीतेतील स्थितप्रज्ञ आठवला आणि समर्थांचे मनाचे श्लोकही आठवले. ही आठवण योग्यच होती. स्वतःच्या मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठी माणसाला परकी नाही. कॅथलिक वाचकाला तर सेनेकाचा तो रात्रीचा हिशेब वाचून संत इग्नेशियस लोयोलाने घालून दिलेली दैनिक आत्मपरीक्षणाची शिस्त आठवल्याशिवाय राहणार नाही. साधने पुष्कळ अंशी तीच आहेत. फरक आहे तो ऐकणाऱ्यात. सेनेका स्वतःलाच हिशेब देतो आणि स्वतःलाच क्षमा करतो. इग्नेशियसचा साधक परमेश्वरासमोर बसतो, आणि त्याचा आरंभ कृतज्ञतेने होतो.

दुसरा अर्थ घेतला की गोष्ट बदलते. आम्ही पंचगंगेच्या काठची माणसे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे पाण्याखाली गेली, शाहूपुरीत घराघरांत पाणी शिरले. पाऊस कोणाच्याच हातचा नव्हता. येथे एपिक्टेटस पूर्णपणे खरा. पण पूररेषेच्या आत इमारती उभ्या राहू द्यावयाच्या की नाही, धरणांतील पाणी केव्हा आणि किती सोडावयाचे, याविषयी दोन राज्यांनी वेळेवर एकमेकांशी बोलावयाचे की नाही, या गोष्टी कोणाच्या हातच्या? कोणा एकट्याच्या नव्हेत, हे खरे. म्हणून त्या कोणाच्याच हातच्या नव्हेत असे ठरते काय? माझ्या हातचे नसलेले पुष्कळ काही आपल्या हातचे असते. एकट्याने वाचणारा ते सहज ‘हाताबाहेरचे’ या रकान्यात टाकतो आणि शांत झोपतो. आमच्या मते या तत्त्वज्ञानाचा खरा धोका येथे आहे. शांतपणे सोसण्याच्या गोष्टी कोणत्या आणि मिळून बदलण्याच्या कोणत्या, हे ते पुरेसे सांगत नाही.

इतिहासही याची साक्ष देतो. सेनेकाने गुलामांना माणूस म्हणून वागविण्याचा आग्रह धरला. एपिक्टेटस तर स्वतःच गुलामीतून आलेला. गुलामगिरी बंद करावी अशी मागणी मात्र दोघांनीही केली नाही. जन्माने मिळालेली स्थिती हाताबाहेरची, एवढ्यावर ते थांबले. आमच्याच करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी आदेश काढून सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ज्याचा जन्म ज्या जातीत झाला तो त्याच्या हातचा नव्हता. त्या जन्मामुळे बंद राहणारे दार उघडणे मात्र एका समाजाच्या, एका राज्याच्या हातचे होते. हातच्या आणि हाताबाहेरच्या गोष्टींमधील सीमारेषा एपिक्टेटसला अचल वाटते. माणसे एकत्र आली की ती सरकते, असा कोल्हापूरचा अनुभव आहे.

आता आमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. हातपोथीच्या तिसऱ्या प्रकरणात एपिक्टेटस सांगतो की आवडते मडके फुटले तर ते मडकेच होते असे समजावे. तसेच आपल्या मुलाचा किंवा पत्नीचा मुका घेताना आपण एका मर्त्य जीवाचा मुका घेत आहोत हे मनात ठेवावे, म्हणजे तो गेला तरी चित्त ढळणार नाही. सोळाव्या प्रकरणात शोक करणाऱ्या शेजाऱ्याला कसे भेटावे ते सांगितले आहे. शब्दांनी सहानुभूती दाखवावी, प्रसंगी त्याच्याबरोबर सुस्काराही टाकावा. पण आतून सुस्कारा निघता कामा नये. ही दोन प्रकरणे वाचली तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्यांच्या घरून कोविडच्या साथीत माणसे गेली, आणि ज्यांना त्यांचे अखेरचे दर्शनही नीट घेता आले नाही, अशी मंडळी त्या बैठकीत होती. मडक्याचा तो दृष्टान्त त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणे सोपे नव्हते.

एपिक्टेटस निष्ठुर होता असे आम्ही म्हणत नाही. ‘अपाथेइया’ या स्टोइक शब्दाचा अर्थ दगडासारखे होणे असा नाही. विवेकाला बुडविणाऱ्या विकारांपासून मोकळे होणे असा आहे. मर्त्यतेचे भान ठेवून प्रेम करणारा माणूस कदाचित अधिक जपून, अधिक कोमलपणे प्रेम करील, असा त्या तिसऱ्या प्रकरणाचा उदार अर्थ आमच्यातील एका सदस्येने लावला आणि तो आम्हांस पटला. सोळाव्या प्रकरणाला मात्र असा उदार अर्थ लावता येत नाही. तेथे शेजाऱ्याचा शोक ही त्याच्या समजुतीची चूक मानली आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू लाझरसच्या कबरीपाशी रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठविणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. तो शोक अज्ञानाचा नव्हता आणि वरवरचा तर नव्हताच. रडणाऱ्यांबरोबर रडा, असा उपदेश संत पौल रोमकरांना करतो तो याच वाटेने जाऊन. येथे स्टोइकांची वाट आणि आपली वाट वेगळी होते, आणि हा फरक झाकून ठेवण्यात कोणाचाच सन्मान नाही.

मार्कस ऑरेलिअसच्या टिपणांकडे वळल्यावर आम्हांस एक अनपेक्षित गोष्ट आढळली. बारा खंडांच्या या स्वगत ग्रंथाचा संपूर्ण पहिला खंड दुसऱ्यांविषयी आहे. आजोबा, आई, शिक्षक, दत्तकपिता अंतोनिनस, अशा एकेकाचे नाव घेऊन त्याच्यापासून आपण काय शिकलो ते सम्राट नोंदवितो. स्वतःशी बोलू पाहणाऱ्या या माणसाला आधी सगळ्या गोतावळ्याला हाक मारावी लागली. पुढे दुसऱ्या खंडाच्या आरंभी तो म्हणतो की माणसे दोन हातांसारखी, दोन पायांसारखी एकमेकांच्या साह्यासाठी निर्माण झाली आहेत. संत पौलाने करिंथकरांना सांगितलेले एका देहाचे अनेक अवयव येथून फार दूर नाहीत. स्टोइकांची उणीव दाखविणारे उत्तर स्टोइकांच्याच ग्रंथात आहे. एकान्तप्रिय वाचक त्यावरून घाईने पुढे जातो, एवढेच.

त्याच पहिल्या खंडात मार्कस आपल्या युनिअस रुस्तिकस या गुरूचे आभार मानतो, कारण एपिक्टेटसच्या संवादांची प्रत त्याने आपल्या संग्रहातून दिली. हाच रुस्तिकस पुढे रोमचा नगराधिपती झाला आणि इ. स. १६५च्या सुमारास त्याच्यापुढे संत जस्टिन व त्याच्या सहा सोबत्यांचा खटला चालला. देवांना बळी अर्पण करण्यास त्यांनी नकार दिला; रुस्तिकसने त्यांना देहान्ताची शिक्षा दिली. त्या सोबत्यांत एक स्त्री होती आणि सम्राटाच्या घरचा एक गुलामही होता. एका गुलामाचे शब्द ज्याने जिवापाड जपले, त्याला समोर उभ्या असलेल्या गुलामाचे धैर्य ओळखता आले नाही. ग्रंथ आणि ग्रंथावर प्रेम करणारा यांच्यातील हे अंतर प्रत्येक अभ्यासमंडळाने, आमच्याही, नित्य ध्यानी ठेवण्यासारखे आहे. जस्टिनचे मन मात्र मोठे. तरुणपणी तो एका स्टोइक गुरूकडे शिकला होता. देवाविषयी तेथे काही मिळेना म्हणून त्याने ती शाळा सोडली. तरीही स्टोइकांच्या नीतिविचाराचा त्याने गौरव केला आणि सत्यासाठी छळ सोसणाऱ्यांत एपिक्टेटसचा गुरू मुसोनिअस याचे नाव आदराने घेतले.

जस्टिनचा हा न्याय आम्हांस अनुकरणीय वाटतो. स्टोइकांना ख्रिस्ती ठरविण्याची गरज नाही, आणि त्यांना परके समजून दूर ठेवण्याचीही नाही. ज्या धर्मग्रामांत असे वाचन करण्याची इच्छा असेल त्यांनी हातपोथीपासून आरंभ करावा. तिची प्रकरणे अवघी त्रेपन्न आहेत, आणि एका बैठकीस दोन-तीन प्रकरणे पुरतात. प्रायश्चित्तकाळात हे वाचन केल्यास सोळाव्या प्रकरणाच्या दिवशी योहानाचा अकरावा अध्यायही वाचावा. आणि पहिल्या प्रकरणाच्या दिवशी फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने आखावेत : माझ्या हातचे, आपल्या हातचे, आणि परमेश्वराच्या हातचे. आमच्या बैठकीत सर्वांत अधिक वाद झाला तो मधल्या रकान्यावर, आणि पंचगंगेच्या घाटाविषयी महानगरपालिकेकडे द्यावयाचा पहिला अर्ज त्याच संध्याकाळी लिहिला गेला.