लक्ष्मीबाईंचे सोवळे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रांजळपणाची व विनोदाची स्तुती आजवर पुष्कळ झाली आहे. मात्र मिश्रविवाहाची घरे असलेल्या आमच्या बोईसरसारख्या धर्मग्रामातील वाचकाने त्यातील सोवळ्याचा प्रश्न पुन्हा वाचावा, असे मला वाटते.

मूर्तीला वाहिलेले अन्न खाण्यास आपण मोकळे असलो, तरी ज्याच्या मनाला त्याने ठेच पोहोचेल त्याच्यासाठी ते वर्ज्य करावे, असा संत पौलांचा करिंथकरांना उपदेश आहे. रेव्हरंड टिळकांच्या घरी हा प्रश्न पाण्याच्या भांड्यापर्यंत आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नाही. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांची ही मुलगी! जातिभेद झुगारून दिलेल्या टिळकांनी, आणि तेही स्वभावाने उतावळ्या टिळकांनी, तिच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, हे तिला तिच्याच विचारांतून उमगले, आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला.

येथे टिळकांना मोठेपणा देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या हाकेला त्यांनी ओ दिली ती खरीच होती. पण त्या पाच वर्षांचे ओझे कोणी वाहिले? लक्ष्मीबाई ते लपवीत नाहीत, आणि नवऱ्याविरुद्ध आरोपपत्रही लिहीत नाहीत. या ग्रंथाचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते.

आणखी एक. पौलांच्या पत्रावर प्रवचन करताना आम्ही पुरोहित अशा माणसाला ‘दुर्बळ’ म्हणून पुढे जातो. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यापासून तो शब्द माझ्या तोंडी जड होतो. पटेपर्यंत न सोडणारी ही बाई दुर्बळ कशी?

आमच्याकडे लग्न होऊन आलेली एखादी मुलगी माहेरच्या चालीप्रमाणे मांसाहार करीत नाही. नाताळच्या पंगतीत ते सर्वांच्या डोळ्यांवर येते, आणि तक्रार माझ्यापर्यंत पोहोचते. अशाच एका सासूबाईंना मी हा ग्रंथ दिला होता. परत करताना त्यांनी एवढेच विचारले, “फादर, तिचे ताट मी वेगळे वाढले, तर चालेल ना?”